वाचकांचे प्रश्न : ट्रायकेअर आणि ताठरतेच्या गोळ्या

अमेरिकी सैन्यदलात नोकरीला असलेले, तिथून निवृत्त झालेले आणि त्यांचे कुटुंबीय अशा वाचकांची या विषयावरची पत्रे एकदम आली, म्हणून या वेळचे सगळे सदर त्यांनाच दिले आहे. नावे छापलेली नाहीत. ट्रायकेअर म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याचा आरोग्यविमा आणि त्यातली औषधांची बाजू सांभाळते ती एक्सप्रेस स्क्रिप्ट्स ही कंपनी. ही दोन नावे पुढे वारंवार येतील.

प्रश्न : मी अमेरिकी लष्करात आहे, वय ३३, पोस्टिंग टेक्सासमध्ये. लिंगाला पुरेशी ताठरता येत नाही, म्हणून डॉक्टरांनी सिल्डेनाफिल ५० मिलिग्रॅम लिहून दिले. फार्मसीत मात्र ‘विम्याने नाकारले, प्रायर ऑथरायझेशन (पूर्वमंजुरी) लागेल’ असे सांगितले. वयाने मोठ्या सहकाऱ्याला हीच गोळी बिनबोभाट मिळते. माझ्याच बाबतीत हे का?

उत्तर : कारण फार्मसीच्या संगणकाला तुमचे वय दिसते, तुमचा आजार दिसत नाही. या औषधांसाठी ट्रायकेअरने चाळिशी ही रेषा अनेक वर्षे वापरली आहे. चाळिशीनंतर ताठरतेची अडचण बहुधा शारीरिक असते असे धरून चिठ्ठी पुढे सरकते. त्याआधी मात्र ‘कारण शारीरिक आहे’ हे डॉक्टरांनी लेखी सांगावे अशी अपेक्षा असते. म्हणजे तुम्हाला नकार मिळालेला नाही. तुमच्याकडे फक्त एक कागद मागितला आहे.

तो कागद नेमका कशासाठी, हे समजून घ्या. ताठरतेची तक्रार शारीरिक कारणाने असेल तेव्हाच ट्रायकेअर तिच्यावर खर्च करते. आजार, शस्त्रक्रिया, इजा किंवा जन्मजात दोष यांच्यामागून साहजिकपणे येऊ शकणारी तक्रार, अशी त्यांची व्याख्या आहे. निव्वळ मानसिक कारण त्यात बसत नाही. म्हणून डॉक्टरांनी लावलेला निदानाचा कोड महत्त्वाचा ठरतो. एन ५२ या गटातले कोड शारीरिक कारणांचे आहेत. एन ५२.१ म्हणजे दुसऱ्या एखाद्या आजारामुळे, एन ५२.२ म्हणजे औषधांमुळे, एन ५२.३१ म्हणजे प्रोस्टेट मुळापासून काढल्यानंतर. एन ५२.९ म्हणजे कारण न लिहिलेले निदान, आणि गाडी सर्वांत जास्त वेळा इथेच अडते. एफ ५२.२१ हा मानसिक कारणाचा कोड. घाईत असलेला डॉक्टर यादीत दिसेल तो पहिला कोड निवडतो आणि मग महिनाभर फोनाफोनी चालते.

तुम्ही करायचे ते असे. ट्रायकेअरच्या औषधांच्या यादीत, म्हणजे फॉर्म्युलरीच्या ऑनलाइन शोधात, सिल्डेनाफिल हे नाव टाका. वय, लिंग आणि गोळीची ताकद भरली की पूर्वमंजुरी लागते का, महिन्याला किती गोळ्या मिळतात आणि फॉर्म कोणता, हे तिथेच दिसते. फॉर्म डॉक्टर भरतात आणि एक्सप्रेस स्क्रिप्ट्सकडे पाठवतात. रुग्णाने भरून पाठवलेला चालत नाही. एक चूक नेहमी होते. ‘प्रायर ऑथरायझेशन’ आणि ‘मेडिकल नेसेसिटी’ हे दोन वेगळे फॉर्म आहेत. पहिला ‘हे औषध या रुग्णाला द्यावे का’ यासाठी, दुसरा ‘यादीतले स्वस्त औषध चालणार नाही, महागडेच का हवे’ यासाठी. तुम्हाला पहिलाच हवा. दुसरा पाठवला तर उत्तर येते, पण ते तुमच्या प्रश्नाचे नसते.

मंजुरी नाकारली गेलीच तर पत्रावरच्या तारखेपासून ९० दिवसांत फेरविचार मागता येतो. त्यासोबत डॉक्टरांची टिपणे आणि तपासण्यांचे निकाल जोडा. नुसते ‘मला गरज आहे’ असे पत्र फारसे उपयोगी पडत नाही.

आता विम्यापेक्षा महत्त्वाचे. तेहतिसाव्या वर्षी ही तक्रार असेल तर तिचे कारण शोधायलाच हवे. रक्तदाब, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉल आणि सकाळचे टेस्टोस्टेरॉन एवढ्या तपासण्या तरी करून घ्या. टेस्टोस्टेरॉन सकाळी लवकर, साधारण दहाच्या आत तपासतात आणि कमी आले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून खात्री करतात. दुपारी घेतलेला नमुना कमी येऊ शकतो आणि त्यावरून भलतेच उपचार सुरू होतात. लिंगातल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे चरबीचे थर साचू लागले की त्यांची कुरकूर आधी ऐकू येते. छातीत दुखणे सुरू होण्याच्या काही वर्षे आधी ही तक्रार दिसू शकते. या तपासण्यांत जे सापडेल तेच तुमच्या फॉर्मवरचे शारीरिक कारणही असेल.

प्रश्न : मी नौदलात आहे, नॉरफोकला. माझे पती ४६ वर्षांचे, त्यांना दहा वर्षांपासून टाइप २ मधुमेह आहे. माझ्या विम्यावर त्यांना ही औषधे मिळतात का? कुठून घेतली तर स्वस्त? त्यांना नावाजलेली निळी गोळीच हवी आहे.

उत्तर : मिळतात. तुमच्या विम्यावर अवलंबून असलेल्या पतीलाही औषधांचे तेच नियम लागू होतात. मधुमेह हे ताठरतेच्या तक्रारीचे अगदी ठळक शारीरिक कारण आहे. त्यांच्या डॉक्टरांना मधुमेहाचा कोड ई ११.६९ आणि त्याच्याबरोबर एन ५२.१ असे दोन्ही लावायला सांगा. नुसता एन ५२.९ लावून दुहेरी काम कशाला?

ठिकाणे तीन. तळावरच्या लष्करी रुग्णालयाच्या फार्मसीत औषध असेल तर शून्य डॉलर. बाहेरच्या नागरी डॉक्टरांची चिठ्ठीही तिथे चालते. फक्त त्यांनी ती इलेक्ट्रॉनिक पाठवताना यादीत ‘DOD’ने सुरू होणारे आणि ‘EPHCY’ने संपणारे नाव निवडायला हवे. तळाच्या नावाने शोधले तर बऱ्याचदा सापडत नाही आणि डॉक्टरांच्या दवाखान्यातून ‘तुमची फार्मसी आमच्याकडे नाही’ असे उत्तर येते. दुसरे ठिकाण घरपोच सेवा. २०२६ च्या दरांनुसार ९० दिवसांपर्यंतच्या साठ्याला जेनेरिकसाठी १४ डॉलर, यादीतल्या ब्रँडसाठी ४४ आणि यादीबाहेरच्या औषधासाठी ८५ डॉलर. तिसरे म्हणजे नेटवर्कमधले, म्हणजे ट्रायकेअरशी करार असलेले, औषधांचे दुकान. तिथे ३० दिवसांना जेनेरिक १६ डॉलर, ब्रँड ४८, यादीबाहेरचे ८५. तीच जेनेरिक गोळी तीन महिने दुकानातून घेतली तर ४८ डॉलर जातात, घरपोच घेतली तर १४. तुम्ही स्वतः ॲक्टिव्ह ड्यूटीवर असल्यामुळे तुमच्या औषधांना को-पे, म्हणजे दर वेळी स्वतः भरायची ठरावीक रक्कम, नाही, पण पतीच्या औषधांना आहे. नेटवर्कबाहेरच्या दुकानात आधी पूर्ण पैसे भरून नंतर दावा करावा लागतो. ते टाळाच.

निळ्या गोळीबद्दल. ती म्हणजे व्हायग्रा, सिल्डेनाफिलचा मूळ ब्रँड. सिल्डेनाफिलला अमेरिकेत मार्च १९९८ मध्ये मान्यता मिळाली आणि डिसेंबर २०१७ पासून तिथे त्याचे जेनेरिक मिळते. टॅडालाफिल या ताठरतेसाठीच्याच दुसऱ्या औषधाचे जेनेरिक २०१८ च्या सप्टेंबरपासून आले. जेनेरिक उपलब्ध असताना ब्रँडच हवा असेल तर त्यामागचे वैद्यकीय कारण डॉक्टरांना लेखी मांडावे लागते, नाहीतर गोळीची पूर्ण किंमत तुमच्या खिशातून जाते. आत औषध तेच आहे. पतींना तसे समजावून सांगा.

संख्येचीही मर्यादा आहे आणि ती मिलिग्रॅमवर नाही, गोळ्यांवर मोजतात. ही मर्यादा बरीच वर्षे ३० दिवसांना ६ आणि ९० दिवसांना १८ गोळ्या अशी होती. तुमच्या गोळीसाठी सध्या किती, ते फॉर्म्युलरीच्या पानावर पाहा. औषधांच्या समितीची बैठक दर तिमाहीला होते आणि आकडे बदलतात. सिल्डेनाफिल २५, ५० आणि १०० मिलिग्रॅममध्ये येते. ५० चा डोस पुरत असेल तर डॉक्टर १०० ची गोळी लिहून ती अर्धी करून घ्यायला सांगू शकतात. मग तेवढ्याच को-पेत दुप्पट वेळा भागते. गोळी कटरनेच कापा, सुरीने तुकडे असमान होतात. आणि डॉक्टरांना न विचारता हे करू नका, कारण चुकून अख्खी गोळी पोटात गेली तर तो दुप्पट डोस असतो.

‘गोळी घेतली, काही झाले नाही’ ही तक्रार मधुमेहात जास्त ऐकू येते. बऱ्याच वेळा दोष घेण्याच्या पद्धतीत असतो. सिल्डेनाफिल साधारण तासभर आधी घ्यायचे, दिवसातून एकदाच. भरपूर तेला-तुपाच्या जेवणावर घेतले तर असर उशिरा आणि कमी होतो. गोळीने आपोआप ताठरता येत नाही, लैंगिक उत्तेजना लागतेच. एकदा घेऊन निष्कर्ष काढू नये. योग्य डोसवर सहा-आठ वेळा तरी पाहावे. टॅडालाफिलवर जेवणाचा परिणाम होत नाही आणि त्याचा असर ३६ तासांपर्यंत राहतो, म्हणून काहींना तेच सोयीचे पडते. साखर ताब्यात नसेल तर मात्र कोणतीही गोळी अपुरीच पडते.

प्रश्न : निवृत्त हवाईदल कर्मचारी, वय ६८, मेडिकेअर (ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) आणि ट्रायकेअर फॉर लाइफ (मेडिकेअर असलेल्यांसाठीचे ट्रायकेअर) दोन्ही आहेत. एक विमा एजंट म्हणतो, मेडिकेअरचा पार्ट डी, म्हणजे औषधांचा भाग, घ्या म्हणजे टॅडालाफिलही त्यात निघेल. घ्यावा का? छातीत दुखल्यास जिभेखाली ठेवायची गोळी माझ्याकडे असते, ती क्वचित लागते.

उत्तर : शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. जिभेखालची नायट्रोग्लिसरीन किंवा आयसोसॉर्बाइड यांसारखी नायट्रेट गटातली औषधे जवळ असलेल्या माणसाने सिल्डेनाफिल, टॅडालाफिल, व्हार्डेनाफिल, ॲव्हॅनाफिल यांपैकी काहीही घ्यायचे नाही. क्वचित लागते, हा अपवाद होत नाही. ती कधी लागेल हे आधी माहीत नसते, धोका आहे तो त्यातच. दोन्ही औषधे रक्तवाहिन्या सैल करतात आणि एकत्र आली की रक्तदाब इतका घसरतो की माणूस कोसळतो, प्रसंगी दगावतो. सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि टॅडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट देता येत नाही. याचा अर्थ, छातीत दुखून इमर्जन्सीत गेलात तर पहिल्या फळीतले एक औषध डॉक्टरांच्या हातून गेलेले असते. गोळी घेतली असेल तर तिथे संकोच न करता सांगायलाच हवे. तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना आधी भेटा. नायट्रेटची गरज खरोखर उरली आहे का हे ते ठरवतील. नसेल तर पुढचा विचार. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिनसारखी गोळी चालू असेल तर तेही सांगा, कारण दोन्हींनी मिळून उभे राहताना चक्कर येऊ शकते. पासष्टीनंतर सिल्डेनाफिलची सुरुवात सहसा २५ मिलिग्रॅमने करतात.

एजंटचे म्हणणे चुकीचे आहे. ताठरतेसाठी दिलेली औषधे २००७ पासून कायद्यानेच मेडिकेअर पार्ट डीच्या मूळ लाभातून वगळली आहेत. हेच टॅडालाफिल प्रोस्टेट वाढल्याच्या लक्षणांसाठी, रोजच्या ५ मिलिग्रॅमच्या डोसात दिले तर चित्र वेगळे असते, कारण त्या उपयोगाला २०११ मध्ये स्वतंत्र मान्यता मिळाली आहे. पण तो आजार खरोखर असायला हवा. गोळी मिळावी म्हणून खोटे निदान लिहून घेणे ही फसवणूक आहे आणि त्यात डॉक्टरही अडकतो.

ट्रायकेअर फॉर लाइफमध्ये औषधांचा लाभ आधीच आहे आणि तो पार्ट डीच्या तोडीचा मानला जातो. त्यामुळे पुढे कधी पार्ट डी घेतलाच तरी उशिराचा दंड लागत नाही. उलट आज घेतला तर तोटा होऊ शकतो. पार्ट डी आधी पैसे देणार, ट्रायकेअर नंतर. आणि औषधांचा दुसरा विमा असला की ट्रायकेअरची घरपोच सेवा एरवी बंद होते. दुसरा विमा ते औषध देतच नाही किंवा त्याची मर्यादा संपली आहे, हे दाखवले तरच ती चालते. म्हणजे दरमहा हप्ता भरून वर नकाराचे पत्र गोळा करत बसायचे. फार कमी उत्पन्नामुळे सरकारी मदत मिळणारे सोडले तर ट्रायकेअर फॉर लाइफ असलेल्याने पार्ट डी घ्यावा असे क्वचितच निघते.

प्रश्न : ऑनलाइन कंपन्या दोन मिनिटांची प्रश्नावली भरून घेऊन चघळायच्या गोळ्या घरी पाठवतात. त्याचे पैसे ट्रायकेअरकडून परत मिळतील का?

उत्तर : सदस्यत्वाची फी मिळणार नाही. चघळायच्या गोळ्यांत बहुतेकदा दोन-तीन औषधे एकत्र घोटलेली असतात. असे जागेवर तयार केलेले मिश्रण अमेरिकी औषध प्रशासनाने मान्य केलेले तयार उत्पादन नसते. अशा मिश्रणातला प्रत्येक घटक ट्रायकेअर वेगळा तपासते आणि एकही घटक बसला नाही तर दावा परत येतो. ऑनलाइन डॉक्टर परवानाधारक असेल तर त्याने साधी सिल्डेनाफिलची चिठ्ठी तुमच्या नेटवर्क फार्मसीकडे पाठवायला हरकत नाही. ती एरवीच्या नियमांनी चालेल. पण नायट्रेटचा प्रश्न घाईत ‘नाही’ म्हणून पुढे ढकलता येतो आणि रक्तदाब कुणी मोजत नाही, ही या पद्धतीतली खरी उणीव आहे. लष्करी रुग्णालयात हीच गोळी फुकट मिळत असताना संकोचापोटी दरमहा पैसे भरणारे पुष्कळ आहेत. डॉक्टरांसाठी ही रोजची तक्रार आहे.

प्रश्न : पीटीएसडीमुळे (आघातानंतरचा मानसिक ताणविकार) वैद्यकीय कारणाने निवृत्त केले आहे, वय ३७. त्यावरचे सर्ट्रालीन हे औषध सुरू झाल्यापासून ताठरता नीट येत नाही. ट्रायकेअर म्हणते कारण मानसिक आहे. व्हीएकडेही (माजी सैनिकांचे सरकारी खाते) माझी नोंदणी आहे. काय करावे?

उत्तर : इथे दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत, त्या डॉक्टरांकडून वेगळ्या करून घ्या. पीटीएसडीमुळे आलेली अडचण आणि सर्ट्रालीनमुळे आलेली अडचण कागदावर एक नाहीत. औषध सुरू झाल्यानंतर तक्रार सुरू झाली असेल तर तारखांसह तसे लिहून एन ५२.२ हा कोड लावता येतो. सध्याच्या चिठ्ठीवर एफ ५२.२१ असण्याची शक्यता दाट आहे. सर्ट्रालीन स्वतःहून बंद करू नका. डोस कमी करणे किंवा या बाबतीत कमी त्रास देणाऱ्या बुप्रोपियॉनसारख्या औषधावर जाणे, हे मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील. कधी एवढ्यानेच प्रश्न सुटतो. लैंगिक समस्येसाठीचे समुपदेशन ट्रायकेअर देत नाही, पण पीटीएसडी आणि नैराश्याचे उपचार देते. जोडप्याच्या नात्यावर झालेला परिणाम त्या उपचारांत बोलायला कुणी अडवत नाही.

वैद्यकीय निवृत्तांना औषधांचे २०१७ चे दर गोठवून दिलेले आहेत. घरपोच जेनेरिकला शून्य आणि दुकानात १० डॉलर. तुमच्याकडून १६ घेत असतील तर डीअर्स या नोंदवहीत तुमचा दर्जा चुकीचा आहे का ते तपासा.

व्हीए हा पूर्ण वेगळा रस्ता आहे. तिथली फार्मसी व्हीएच्या डॉक्टरांनी किंवा व्हीएने बाहेर पाठवलेल्या डॉक्टरांनी लिहिलेल्या चिठ्ठीवरच औषध देते. ट्रायकेअरच्या डॉक्टरांची चिठ्ठी तिथे नेऊन उपयोग नाही. तिथे को-पे ३० दिवसांना औषधाच्या वर्गाप्रमाणे ५, ८ किंवा ११ डॉलर असतो. सेवेशी जोडलेल्या, म्हणजे सैन्यसेवेमुळे झाला असे व्हीएने मानलेल्या, आजाराच्या औषधाला आणि अपंगत्वाचे मूल्यांकन ५० टक्के किंवा जास्त असलेल्यांना तो नसतो. दोन्हीकडून गोळ्या घेऊन साठा करू नका. दोन फार्मसींना एकमेकींचे औषध दिसेलच असे नाही आणि परस्परविरोधी औषधे तपासण्याची साखळी तिथे तुटते.

बरेच जण जी गोष्ट सोडून देतात ती आता. तुमची तक्रार पीटीएसडीच्या औषधामुळे असेल आणि पीटीएसडी सेवेशी जोडलेला असेल, तर ताठरतेची तक्रारही त्याच्यामागून आलेली म्हणून नोंदवता येते. व्हीएच्या नियमावलीतल्या ७५२२ या कोडखाली तिला अपंगत्वाचे शून्य टक्के मिळतात, म्हणून लोक अर्जच करत नाहीत. पण त्या शून्याबरोबर ‘एसएमसी-के’ हा विशेष मासिक भत्ता मिळू शकतो. तो महिन्याला सुमारे १४० डॉलर, करमुक्त, आणि नेहमीच्या भरपाईच्या वर असतो. अर्ज २१-५२६ईझेड या फॉर्मवर, ‘पीटीएसडीच्या औषधामुळे दुय्यम’ असे स्पष्ट लिहून करा. सोबत औषध सुरू केल्याची तारीख आणि तक्रारीची पहिली वैद्यकीय नोंद जोडा. डॉक्टरांना सांगितलेच नसेल तर नोंदच नसते, आणि अर्ज तिथेच पडतो. मधुमेह किंवा प्रोस्टेटचा कर्करोग सेवेशी जोडलेला आहे अशा निवृत्तांनाही हे लागू आहे.

प्रश्न : गोळी घेतल्याचे कमांडिंग ऑफिसरला कळते का? मी हेलिकॉप्टरवर क्रू चीफ आहे.

उत्तर : साध्या चिठ्ठीची खबर आपोआप कमांडपर्यंत जात नाही. कर्तव्यासाठी सक्षम आहात का, एवढ्यापुरती माहिती मागण्याची मुभा कमांडला असते. पण तुम्ही विमानचमूत आहात, म्हणून तुमचा नियम वेगळा. कोणतेही नवे औषध आधी फ्लाइट सर्जनला, म्हणजे विमानचमूच्या डॉक्टरांना, सांगावे लागते आणि गोळीनंतर किती तास उड्डाण नाही हे तेच ठरवतात. याला कारण आहे. सिल्डेनाफिलने काही वेळ नजरेला निळसर झाक येऊ शकते, निळा-हिरवा फरक धूसर होतो, रक्तदाब थोडा उतरतो. रात्रीच्या उड्डाणात, दिव्यांचे रंग ओळखायचे असताना, हे चालत नाही. पाणबुडे आणि इतर विशेष कामांतल्यांनीही आधी विचारावे. न सांगता घेतलेली गोळी नंतर उघडकीस आली तर अडचण गोळीची होत नाही, लपवण्याची होते.

प्रश्न : प्रोस्टेट काढल्याला दोन वर्षे झाली. गोळ्यांचा उपयोग नाही. पुढे काय?

उत्तर : शस्त्रक्रियेत ताठरतेच्या नसा दुखावल्या असतील तर गोळ्या कमी पडतात, कारण त्या नसांच्या संदेशावरच काम करतात. दोन वर्षांनंतर नसा आपसूक सुधारण्याची आशा थोडीच उरते. यूरॉलॉजिस्ट आधी लिंगात द्यायची अल्प्रोस्टाडिलसारखी इंजेक्शने सुचवतील. ती नसांवर अवलंबून नसतात. त्यानेही भागले नाही तर शस्त्रक्रियेने आत बसवायचे इम्प्लांट. कारण शारीरिक असेल आणि इम्प्लांट औषध प्रशासनाने मान्य केलेले असेल तर ट्रायकेअर ते देते. कागदपत्रांत शस्त्रक्रियेची तारीख, एन ५२.३१ हा कोड, आणि कोणती गोळी कोणत्या डोसात किती वेळा घेऊन उपयोग झाला नाही याची नोंद हवी. ‘गोळ्या चालल्या नाहीत’ एवढेच मोघम लिहिले तर कागद परत येतो. निर्णयाआधी एक लक्षात घ्या. इम्प्लांट बसवताना आतली स्पंजसारखी ऊती बाजूला सारली जाते, त्यामुळे नंतर गोळी-इंजेक्शनांकडे परतता येत नाही. इंजेक्शनाने किंवा गोळीने चार तासांपेक्षा जास्त वेळ ताठरता राहिली तर सकाळची वाट न पाहता इमर्जन्सी गाठा. उशीर झाला तर ऊती कायमची निकामी होते.

प्रश्न : निवृत्तीनंतर पुण्यात स्थायिक झालो आहे, वय ७०. ट्रायकेअर फॉर लाइफ इथे चालते का? गोळ्या इथे स्वस्त मिळतात, दावा करावा का?

उत्तर : चालते, पण मेडिकेअरचा पार्ट बी (डॉक्टर आणि बाह्यरुग्ण सेवांचा भाग) चालू ठेवला असेल तरच. मेडिकेअर स्वतः भारतात पैसे देत नाही, म्हणून इथे पहिले पैसे ट्रायकेअरच देते. वर्षाची वजावट, म्हणजे विम्याने पैसे देण्याआधी स्वतः भरायची रक्कम, माणशी १५० डॉलर आहे आणि त्यानंतरच्या मान्य खर्चातले २५ टक्के तुमचे. त्यामुळे नुसत्या या गोळ्यांचा दावा केला तर हाती फारसे येणार नाही. वर्षातला बाकीचा वैद्यकीय खर्च मोठा असेल तर मात्र त्यासोबत याच्याही पावत्या जोडाव्यात. घरपोच सेवा पुण्याच्या पत्त्यावर येत नाही. अमेरिकेबाहेर ती फक्त लष्करी टपालाच्या पत्त्यांवर, आणि तीही अमेरिकी परवान्याच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर जाते.

दावा डीडी फॉर्म २६४२ वर करायचा. परदेशातल्या खर्चासाठी मुदत तीन वर्षे, अमेरिकेतल्या खर्चासाठी एक. इथल्या दुकानात कच्चे बिल हातात देतात, ते चालत नाही. बिलावर रुग्णाचे नाव, डॉक्टरांचे नाव, औषधाचे मूळ नाव, मिलिग्रॅम, गोळ्यांची संख्या, तारीख आणि रक्कम हवी. भारतात हीच गोळी असंख्य ब्रँडनावांनी मिळते आणि तपासणाऱ्याला ती नावे ओळखू येत नाहीत, म्हणून ‘सिल्डेनाफिल सायट्रेट ५०’ असे नाव छापून मागा. सोबत चिठ्ठीची प्रत, निदान, आणि पैसे भरल्याचा पुरावा. रोख दिले असतील तर शिक्क्याची पावती, नाहीतर कार्डाचे किंवा बँकेचे विवरण. पैसे भरल्याच्या पुराव्यावाचून परदेशातले दावे अडकून पडतात. चिठ्ठीशिवाय मिळाली म्हणून घेतलेल्या गोळीचा दावा होत नाही, आणि सत्तरीत ती तशी घेऊही नये.